वेग लेबलवरचा आणि वेग यंत्रातला

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची होती. जुन्या डेस्कटॉप संगणकात रॅम वाढवायची आहे, पण दुकानात मिळणाऱ्या रॅमवरचा वेगाचा आकडा आपल्या रॅमवरच्या आकड्याशी जुळत नाही, मग ती घ्यावी की घेऊ नये? म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे, कारण पुढच्या पत्रलेखकांनाही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. सांगलीत माझा डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, हँडबिले आणि संस्थांचे वार्षिक अहवाल मी तयार करून देतो. २०१८ साली असेंबल करून घेतलेल्या माझ्या संगणकात इंटेलचा कोअर आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा दोन स्लॉटांचा मदरबोर्ड आणि ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम आहे. कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि ब्राउझर एकदम उघडले की संगणक अडखळू लागतो. रॅमवर २६६६ असे छापले आहे, विंडोजमधला टास्क मॅनेजर २४०० दाखवतो आणि एका मित्राने सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम चालवून पाहिला तेव्हा त्यात ११९७ हा आकडा दिसला. रॅम खराब आहे का? दुकानदार म्हणतात, २६६६ ची आता येत नाही, ३२०० ची घ्या, संगणक तेवढ्या प्रमाणात वेगवान होईल. दोन वेगांच्या रॅम एकत्र चालतात का?

उत्तर : आपली रॅम खराब नाही, आणि आपल्याला दिसलेले तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. डीडीआर प्रकारची रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला माहितीची देवघेव दोनदा करते, एकदा ठोका चढताना आणि एकदा उतरताना. सीपीयू-झेड प्रत्यक्ष ठोके मोजतो, म्हणून त्याला सुमारे १२०० मेगाहर्ट्झ दिसतात. टास्क मॅनेजर देवघेवींची संख्या सांगतो, म्हणून तो त्याच्या दुप्पट, म्हणजे २४०० म्हणतो. रॅमच्या जाहिरातीत २४०० किंवा ३२०० या आकड्यांपुढे सर्रास 'मेगाहर्ट्झ' लिहिलेले असते ते काटेकोर अर्थाने चूकच आहे, पण ती चूक आता इतकी रुळली आहे की खुद्द टास्क मॅनेजरही बरीच वर्षे तीच करत आला. राहिला २६६६ हा आकडा. तो आपली रॅम जास्तीत जास्त किती वेगाने चालू शकते हे सांगतो. ती सध्या किती वेगाने चालते आहे याची माहिती त्यातून मिळत नाही.

मग ती २४०० वर का थांबली? रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असे. तो प्रोसेसरच्या आत जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यामुळे रॅमच्या वेगाची पहिली मर्यादा प्रोसेसर ठरवतो. आय३-८१०० साठी इंटेलने दिलेली मर्यादा डीडीआर४-२४०० ही आहे. त्याच पिढीतल्या आय५-८४०० ची मर्यादा २६६६ आहे. ज्यांनी आपला संगणक जुळवला त्यांनी बहुधा हाताला आलेली २६६६ ची रॅम बसवली आणि संगणकाने ती निमूटपणे २४०० वर चालवली. इंटेलच्या त्या काळातल्या बोर्डांपैकी केवळ झेड मालिकेचे बोर्ड ही मर्यादा ओलांडू देत असत. एच३१० त्यांत नाही, त्यामुळे बायोसात, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमात, शोधाशोध करून हा आकडा वाढणार नाही.

दोन वेगांच्या रॅम एकत्र चालतात का, या प्रश्नाचे उत्तर रॅमच्या स्टिकवरच असलेल्या एका इवल्याशा चिपमध्ये आहे. तिला एसपीडी म्हणतात. ही स्टिक किती क्षमतेची आहे, कोणकोणत्या वेगांवर चालते आणि प्रत्येक वेगावर तिला किती उसंत लागते, हे सारे कारखान्यातच तिच्यात नोंदवलेले असते. संगणक सुरू होताना बायोस दोन्ही स्टिकांच्या या नोंदी वाचते, प्रोसेसरची मर्यादा पाहते आणि सर्वांना झेपेल असा एकच वेग निवडते. बैलगाडीची चाल जोडीतल्या मंद बैलावर ठरते, तसेच हे आहे. त्यामुळे आपण ३२०० ची साधी स्टिक घेतली तर ती आपल्या जुन्या स्टिकबरोबर २४०० वर बिनतक्रार चालायला हवी. तिने संगणकाचे काही नुकसान होणार नाही. मात्र दुकानदार म्हणतात तसा 'तेवढ्या प्रमाणात' वेगही मिळणार नाही, कारण आपल्या प्रोसेसरसमोर ३२०० ची रॅमसुद्धा २४०० चीच होऊन बसते. २४०० किंवा २६६६ ची मिळाली नाही म्हणून ३२०० ची घेणे अगदी योग्य आहे. तिच्यासाठी जास्त पैसे मोजणे मात्र योग्य नाही.

येथे एक खाचखळगा आहे आणि त्याचा उल्लेख दुकानात सहसा होत नाही. ३२०० च्या स्टिका दोन प्रकारच्या असतात. साध्या स्टिकेच्या एसपीडीमध्ये ३२०० हा वेग मूळ नोंदीतच असतो आणि ती १.२ व्होल्टवर चालते. दुसरा प्रकार गेमिंगसाठी म्हणून विकला जातो. तिच्यावर धातूचे रंगीत आवरण असते आणि लेबलवर बहुधा १.३५ व्होल्ट लिहिलेले असते. तिचा ३२०० हा वेग एक्सएमपी नावाच्या वेगळ्या, जादा नोंदीत ठेवलेला असतो आणि बायोसात ती नोंद चालू केली तरच तो लागू होतो. अशा अनेक स्टिकांची मूळ नोंद फक्त २१३३ किंवा २४०० ची असते. आपल्या बोर्डावर अशी २१३३ मूळ नोंदीची स्टिक बसवली, तर तिच्यापायी जुनी स्टिकसुद्धा २४०० वरून २१३३ वर उतरण्याची शक्यता आहे. म्हणजे अधिक महाग आणि अधिक वेगवान म्हणून घेतलेल्या वस्तूने आपला संगणक किंचित संथच व्हायचा! आपल्यासाठी बिनआवरणाची साधी, १.२ व्होल्टची स्टिक सर्वांत बरी.

वेगाच्या आकड्याबरोबर सीएल हा आकडाही लिहिलेला असतो, आणि पुष्कळ जण तो लहान असावा म्हणून अडून बसतात. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून माहितीचा पहिला तुकडा हाती येईपर्यंत जाणारे ठोके. हे ठोके सेकंदांत मांडले म्हणजे खरा फरक दिसतो. २४०० वर सीएल १७ असेल तर सुमारे १४.२ नॅनोसेकंद लागतात, २६६६ वर सीएल १९ असेल तर १४.२५ आणि ३२०० वर सीएल २२ असेल तर १३.७५. पहिल्या तुकड्यासाठीची वाट तिघींकडे जवळजवळ सारखीच पाहावी लागते. वेग वाढला की त्यानंतर येणारा लोंढा मोठा होतो एवढेच. तेव्हा साध्या स्टिकांच्या बाबतीत सीएलवरून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे वळू. संगणक अडखळत असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आलेख पाहावा. तो नव्वद टक्क्यांच्या वर चिकटलेला असेल, तर दुखणे वेगाचे नसून जागेचे आहे. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. डिस्क, त्यातही जुनी फिरती हार्डडिस्क, रॅमच्या तुलनेत इतकी संथ असते की २४०० आणि ३२०० हा भेद त्यापुढे नगण्य ठरतो. ८ चे १६ जीबी झाले की आपल्याला जाणवणारा सर्वांत मोठा फरक याच ठिकाणी पडेल.

याशिवाय एक लाभ आपल्याला न मागता मिळणार आहे. सध्या आपली एकच स्टिक एकाच वाटेने प्रोसेसरला माहिती पुरवते. एका देवघेवीत ८ बाइट आणि सेकंदाला २४० कोटी देवघेवी, म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी. दुसऱ्या स्लॉटमध्ये तेवढ्याच क्षमतेची स्टिक बसली की दुसरी वाट खुली होते आणि हा आकडा ३८.४ वर जातो. यालाच ड्युअल चॅनेल म्हणतात. दुकानदार ज्या वेगाचे आमिष दाखवत आहेत, तो त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण मिळाला असता तरी एका स्टिकेवर २५.६ च झाला असता. पुढेमागे ३२ जीबी लागतील असे वाटत असेल, तर आता १६ जीबीची एक स्टिक घेऊन ती जुन्या ८ च्या जोडीला बसवता येईल आणि पुढे जुनीच्या जागी १६ ची दुसरी घालता येईल. अशा विषम जोडीत ८ अधिक ८ एवढा भाग दोन्ही वाटांनी चालतो आणि उरलेले ८ जीबी एकाच वाटेने. ही तडजोड वाईट नाही.

खरेदीच्या वेळी लेबल स्वतः वाचावे. काही कंपन्या वेगाऐवजी सेकंदाला किती मेगाबाइट हा आकडा छापतात. पीसी४-२१३०० म्हणजे २६६६ आणि पीसी४-२५६०० म्हणजे ३२००. काही लेबलांवर पीसी४-३२००एए आणि त्यापुढे एक आडवी रेघ देऊन आणखी काही अक्षरे असतात. त्या रेघेनंतरचे पहिले अक्षर महत्त्वाचे आहे. यू असेल तर स्टिक डेस्कटॉपची, एस असेल तर लॅपटॉपची आणि आर असेल तर सर्व्हरची. सर्व्हरमधून काढलेल्या आर प्रकारच्या जुन्या स्टिका मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन बाजारापर्यंत सगळीकडे मोहात पाडणाऱ्या भावात मिळतात. त्या आपल्या स्लॉटमध्ये बसतात, पण संगणक सुरू होत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन स्टिका एकत्र चालायला तत्त्वतः हरकत नाही. तरीही बदलून मिळण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. स्टिक बसवल्यावर रात्री संगणक मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर लावून ठेवावा आणि सकाळी एकही चूक दिसली नाही तरच ती पक्की धरावी.

प्रश्न : मी नागपूरहून लिहीत आहे. मुलीसाठी घेतलेल्या संगणकात एएमडी रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० बोर्ड आणि ३२०० ची ८ जीबी रॅम आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. ती व्हिडिओ संपादन शिकते आणि थोडे गेमही खेळते. टास्क मॅनेजर मात्र २४०० दाखवतो. आता दुसरी स्टिक घ्यायची आहे. ३६०० ची घेतली तर अधिक चांगले का?

उत्तर : वरच्या उत्तरात मी वेगाच्या मागे लागू नका असे सांगितले. आपल्याला नेमके उलट सांगणार आहे, कारण आपला संगणक वेगळ्या जातीचा आहे. ५६००जी मधले ग्राफिक्स प्रोसेसरच्याच आत आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते, याच्याकडे ती नाही. पडद्यावरचे प्रत्येक चित्र ते आपल्या मुख्य रॅममधूनच उभे करते आणि त्यासाठी तिच्यातली काही जागाही अडवून ठेवते. त्यामुळे येथे रॅमचा वेग आणि दुसरी वाट हे दोन्ही गेममध्ये आणि व्हिडिओच्या कामात डोळ्यांना दिसतात.

आपली स्टिक एक्सएमपी प्रकारची असावी आणि ती नोंद कोणी चालूच केलेली नाही. एएमडीच्या बोर्डांवर हा पर्याय कोठे एक्सएमपी, कोठे ए-एक्सएमपी, तर कोठे डीओसीपी या नावाने सापडतो. तो निवडून बदल जतन केला की संगणक पुन्हा सुरू होताना पडदा काही वेळ काळा राहतो आणि कधी कधी यंत्र एकदोनदा आपोआप बंद होऊन चालू होते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून वीज तोडू नये. ३२०० हा वेग ५६००जी च्या अधिकृत मर्यादेतच आहे. आज आपल्याकडे सेकंदाला १९.२ जीबीची वाट आहे. एक्सएमपी चालू करून जोडीला दुसरी स्टिक लावली की ती ५१.२ जीबी होईल. पैसे दुसऱ्या स्टिकचेच द्यावे लागतील, एक्सएमपीला काही पडत नाही. ते आजच करून पाहावे.

३६०० ची स्टिक घेऊ नये. जुनी ३२०० च्या पुढे जाण्याची हमी नाही, आणि दोघींच्या एक्सएमपी नोंदी वेगळ्या असल्या की जुळवणी कधी साधते, कधी फसते. शक्य असेल तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेल क्रमांकाची, ८ जीबीची स्टिक शोधावी. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरावा. बोर्डाच्या पुस्तिकेत तसे चित्र असते. शेजारशेजारच्या दोन स्लॉटांत बसवल्या तर ड्युअल चॅनेल सहसा मिळत नाही, आणि तक्रार दाखवणारा कोणताही संदेशही येत नाही. संगणक वर्षानुवर्षे तसाच अर्ध्या वाटेवर चालत राहतो. चारही स्लॉट भरण्याचा मोहही टाळावा, कारण स्टिका वाढल्या की प्रोसेसरवरचा भार वाढतो आणि एएमडीची अधिकृत वेगमर्यादा खाली येते. नंतरच्या रायझन ७००० मालिकेत तर दोन डीडीआर५ स्टिकांना ५२०० आणि चार स्टिकांना ३६०० अशी मोठी उडी खाली आहे.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत जी४१ चिपसेटचे आणि कोअर २ ड्युओ प्रोसेसरचे काही जुने संगणक आहेत. त्यांच्यासाठी डीडीआर३-१३३३ च्या ४ जीबीच्या स्टिका ऑनलाइन स्वस्तात मागवल्या. स्लॉटमध्ये नीट बसतात, पण संगणक नुसता बीप देतो. बोर्डाची मर्यादा १०६६ असल्यामुळे असे होते का?

उत्तर : नाही. १३३३ ची स्टिक १०६६ वर उतरून चालली असती. येथे अडले आहे ते स्टिकवरच्या चिपांच्या घडणीमुळे. जी४१ ला दोन गिगाबिटपेक्षा, म्हणजे पाव जीबीपेक्षा, मोठी मेमरी चिप ओळखता येत नाही. ४ जीबीची जी स्टिक दोन गिगाबिटच्या सोळा चिपांची, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपांची बनलेली असते, तीच तेथे चालते. दुप्पट क्षमतेच्या आठच चिपांची स्टिक चालत नाही. आपल्या स्टिका उलटसुलट करून चिपा मोजाव्यात.

सोळा चिपा असूनही संगणक सुरू होत नसेल, तर त्या 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टिका असाव्यात. त्यांची अंतर्गत मांडणी इंटेलच्या कंट्रोलरला वाचताच येत नाही. ही अट विक्रीच्या पानावर बहुतेक वेळा कोठेतरी बारीक अक्षरांत असते. परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर लगेच परत कराव्यात आणि त्याऐवजी २ जीबीच्या, दोन्ही बाजूंना चिपा असलेल्या स्टिका शोधाव्यात. त्या चालण्याची शक्यता खूपच अधिक आहे. शाळेच्या संगणकांवर ३२ बिटांची विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर बसवलेली रॅम तिला वापरताही येणार नाही, हेही खरेदीपूर्वी पाहावे.

प्रश्न : म्हापशाहून लिहितो. माझ्या आय५-१२४०० प्रोसेसरच्या माहितीत डीडीआर४-३२०० आणि डीडीआर५-४८०० असे दोन्ही लिहिले आहे. सध्या डीडीआर४ आहे. नुसती रॅम बदलून डीडीआर५ लावता येईल का?

उत्तर : येणार नाही. प्रोसेसर दोन्ही भाषा बोलतो, पण आपल्या मदरबोर्डावरचे स्लॉट त्यांपैकी एकाच भाषेचे आहेत. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही स्टिकांना २८८ टोकेच असतात, त्यामुळे लांबून त्या सारख्या दिसतात. पण मधली खाच वेगळ्या जागी असते, व्होल्टेज १.२ ऐवजी १.१ असते आणि वीज नियंत्रित करणारी चिप बोर्डावर नसून डीडीआर५ च्या स्टिकवरच असते. डीडीआर५ साठी बोर्ड आणि रॅम दोन्ही नवीन घ्यावे लागतील. केवळ ३२०० चे ४८०० व्हावेत म्हणून हा खर्च मी करणार नाही. ४८०० ची साधी डीडीआर५ सीएल ४० ची असते आणि पहिल्या तुकड्यासाठी तिला १६.७ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे आपल्या साध्या ३२०० पेक्षाही जास्त. आहे त्या बोर्डावर डीडीआर४-३२०० ची जोडी पूर्ण करावी. स्टिक बसवताना खाच जुळत नाही असे दिसले तर जोर न लावता ती दुकानात परत न्यावी, कारण स्लॉट मोडला तर तो बदलून मिळत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागतो.